'कार्ड गेलं' असं ठरवण्याआधी

नांदेड आणि लातूरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत मार्च ते मे या महिन्यांत एक तक्रार सारखी कानावर येते. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवलं की 'बगस्प्लॅट'ची खिडकी उघडते आणि प्रोग्राम बंद होतो. ऑटोकॅड 'फेटल एरर' दाखवतं. फोटोशॉप काही न सांगताच गायब होतं. तक्रार आणणारे लोक वेगवेगळे असतात. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या एम. एस. बिडवे महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली मुलं, आर्किटेक्टच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन, लग्नसराईत पत्रिका आणि फ्लेक्स करणारे डिझायनर. या सगळ्यांच्या कामाचा जोर याच महिन्यांत असतो आणि पाराही याच महिन्यांत ४२-४३ अंशांवर जातो.

निदान मात्र सगळ्यांना एकच मिळतं. "कार्ड गेलंय, दादा. बोर्ड काढावा लागेल." मग आधी विंडोज मारली जाते. त्यानं भागलं नाही तर बोर्ड खोलून चिप तापवली जाते. तेही फसलं की नव्या लॅपटॉपचा विषय निघतो. ज्या घरानं मुलाच्या शिक्षणासाठी एकदाच मोठी रक्कम काढून लॅपटॉप घेतलेला असतो, त्या घराला हा विषय परवडत नाही. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून मांडायला हवा. माझं म्हणणं असं की निदानाचा हा क्रम उलटा आहे. कार्ड खरोखर मेलेलं असणं ही शेवटची शक्यता. तिच्या आधी चार-पाच कारणं तपासायची असतात, त्यांतली बहुतेक घरी बसून, पैसा न खर्चता तपासता येतात, आणि त्यांच्या नोंदी विंडोज स्वतःच ठेवत असते. त्या नोंदी उघडून पाहण्याची सवय आपल्याकडे नाही, एवढंच.

चित्र काढतंय कोण?

डिझाइनच्या कामासाठी घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप असतात. एक प्रोसेसरच्या पोटातली, इंटेलची किंवा एएमडीची. तिला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते. दुसरी स्वतंत्र, जीफोर्स, आरटीएक्स किंवा रेडिऑन नावाची, स्वतःच्या मेमरीसह. दोन्ही चिप एकाच लॅपटॉपमध्ये आपोआप आलटून-पालटून वापरायची 'ऑप्टिमस' नावाची पद्धत एनव्हिडियानं फेब्रुवारी २०१० मध्ये आणली. त्यात स्क्रीन जोडलेला असतो प्रोसेसरमधल्या चिपला. मोठी चिप गरज पडली तरच जागी होते, चित्र तयार करून पहिलीच्या हवाली करते, आणि ते स्क्रीनवर दाखवण्याचं काम पहिलीच करते. बॅटरी वाचते, हा यातला फायदा.

गरज पडली की नाही, हे ठरवतो ड्रायव्हर. त्याच्याकडे प्रोग्रामच्या फाइलींच्या नावांची यादी असते. प्रोग्राम त्या यादीत सापडला नाही, तर काम गुपचूप लहान चिपकडे जातं. मग ल्युमिऑनसारखं, स्वतंत्र कार्ड गृहीत धरून बनवलेलं सॉफ्टवेअर सुरू होताच कोलमडतं. मालकाला वाटतं कार्ड दगा देतंय. कार्ड तर त्या वेळी झोपलेलं असतं, त्याला कुणी हाकच मारलेली नसते.

हे तपासायला मिनिटभर लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' यांची नावं दिसतात. कोणता इंटेलचा आणि कोणता एनव्हिडियाचा ते वाचून घ्यायचं. मग 'प्रोसेसेस'मध्ये 'जीपीयू इंजिन' हा रकाना चालू करायचा आणि मॉडेल फिरवता फिरवता आपल्या प्रोग्रामसमोर कोणता आकडा येतो ते पाहायचं. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून ही सोय आहे. चुकीचा आकडा दिसला तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन तो प्रोग्राम यादीत घालायचा आणि त्याला 'हाय परफॉर्मन्स' द्यायचं. काही महागड्या लॅपटॉपमध्ये 'मक्स स्विच' असतो. तो वापरला की स्क्रीन थेट मोठ्या चिपला जोडला जातो आणि हा घोळ मुळातच मिटतो.

तोंडी परीक्षेत प्रोजेक्टर लावला की लॅपटॉप हमखास दगा देतो, असं मुलं सांगतात. त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जागा थेट स्वतंत्र चिपला जोडलेली असते. वायर लावली की झोपलेली चिप जागी होते, स्क्रीनची मांडणी बदलते, आणि आधीपासून उघडा असलेला प्रोग्राम त्या धक्क्यानं पडतो. प्रोजेक्टर आधी जोडावा, चित्र दिसू लागलं की मग प्रोग्राम उघडावा.

दोन सेकंदांची मुदत

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं एक राखणदार बसवला आहे. ग्राफिक्स कार्डाला काम दिलं आणि त्यानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. स्क्रीन क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे, अशा अर्थाचा संदेश दिसतो. विंडोज वाचते. पण आपलं मॉडेल ज्या मेमरीत मांडलेलं होतं ती मेमरी या खटाटोपात पुसली गेलेली असते, आणि पुष्कळ डिझाइन प्रोग्रामना त्यातून सावरता येत नाही. ते बंद पडतात. ड्रायव्हरही सावरला नाही तर निळा स्क्रीन येतो, त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' लिहिलेलं असतं.

यातून एवढंच कळतं की कार्डाला उत्तर द्यायला उशीर झाला. उशीर का झाला ते कळत नाही. ओझं जास्त होतं, ड्रायव्हर चुकला, चिप तापली, वीज कमी पडली किंवा चिपच खराब आहे. पाचांपैकी काहीही असू शकतं. रजिस्ट्रीमध्ये जाऊन ही मुदत आठ-दहा सेकंद करण्याचा एक उपाय फार प्रचलित आहे. कार्डावर मोठं रेंडर लावणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी पडतो, कारण तिथे काम मुळातच लांबलचक असतं. साधं मॉडेल फिरवताना पडणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र मी तो करू नका म्हणेन. त्यानं लक्षण झाकलं जातं आणि खरं कारण तसंच राहतं.

आता त्या नोंदींकडे येऊ. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं येतं. ते उघडलं की तारखांची पट्टी दिसते आणि जिथे काही कोसळलं तिथे लाल फुली. फुलीवर क्लिक करून 'टेक्निकल डिटेल्स' उघडायचं आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम' ही ओळ शोधायची. ज्या फाइलमध्ये काम अडलं तिचं नाव तिथे असतं. इंग्रजी 'एनव्ही' या अक्षरांनी सुरू होणारी फाइल सहसा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची, 'एटीआय'नं सुरू होणारी एएमडीची, 'आयजी'नं सुरू होणारी इंटेलची. तिथे इंटेलची फाइल दिसली आणि दुकानदार एनव्हिडियाची चिप तापवायला निघाला असेल, तर त्याला तिथेच थांबवावं. आणि तिथे प्रोग्रामची स्वतःचीच किंवा एखाद्या प्लगइनची फाइल दिसत असेल, तर ग्राफिक्सवर संशय घेण्याआधी तिच्याकडे पाहावं.

याच पट्टीत कधी 'हार्डवेअर एरर' असं शीर्षक असतं आणि आत 'लाइव्ह कर्नल इव्हेंट', क्रमांक १४१ किंवा ११७. या शीर्षकानं किती लॅपटॉप विनाकारण उघडले गेले असतील! हे दोन्ही क्रमांक वर सांगितलेल्या उशिराचेच आहेत आणि ते ड्रायव्हरच्या चुकीनंही उमटतात. शीर्षकात हार्डवेअर म्हटलंय म्हणून हार्डवेअर गेलं, असा अर्थ काढता येत नाही.

एकट्या फुलीपेक्षा महिनाभराच्या फुल्या एकत्र वाचल्या तर जास्त कळतं. सगळ्या दुपारी एक ते पाचमधल्या असतील आणि सकाळी एकही नसेल, तर उष्णतेकडे वळावं. एका तारखेपर्यंत पट्टी स्वच्छ आणि तिथून पुढे रोज फुली असेल, तर त्या तारखेला कोणतं अपडेट आलं ते त्याच खिडकीत खाली लिहिलेलं असतं. एकच फाइल उघडली की फुली पडत असेल, तर दोष त्या फाइलीत. वेगवेगळे प्रोग्राम, वेगवेगळ्या वेळा, थंड खोली, कोरा ड्रायव्हर, आणि तरीही फुल्या थांबत नसतील, तर मग कार्डावर बोट ठेवायला आधार मिळतो.

याच्या जोडीला एक चाचणी मी सगळ्यांत वर ठेवेन. जवळपास प्रत्येक डिझाइन प्रोग्राममध्ये ग्राफिक्स कार्डाची मदत बंद करण्याचा पर्याय असतो. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड देऊन 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करता येतं. रेव्हिटमध्ये ते ऑप्शन्समध्ये मिळतं. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स, 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'. सॉलिडवर्क्समध्ये 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल'. तो पर्याय एकही फाइल उघडी नसतानाच बदलता येतो. मदत बंद करून दोन दिवस नेहमीचं काम करायचं. वेग कमी होईल, त्याची काळजी करू नये. तरीही प्रोग्राम पडत राहिला तर कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही बहुतेक निर्दोष ठरतात.

ड्रायव्हर

मदत बंद केल्यावर पडणं थांबलं, तर पहिला संशय ड्रायव्हरवर. त्याचे गोंधळ तीन-चार प्रकारचे असतात. विंडोज अपडेट कधी आपण नीट बसवलेल्या ड्रायव्हरवर दुसरी आवृत्ती टाकतं. लॅपटॉप कंपनीनं आपल्या मॉडेलसाठी बदललेला इंटेलचा ड्रायव्हर असतो, त्यावर कुणीतरी इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकतं. जुन्याचे अवशेष राहतात, नवा त्यांच्यावर चढतो. यावर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन आहे. विंडोज सेफ मोडमध्ये नेऊन, इंटरनेट तोडून, त्यानं सगळं पुसायचं. मग आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकायचा, त्यानं भागलं नाही तर एनव्हिडियाचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर. खेळांसाठीचा 'गेम रेडी' वेगळा असतो. डिझाइनच्या कामासाठी २०१९ पासून मिळणारा स्टुडिओच घ्यावा. आणि लॅपटॉप शट डाउन करून चालू केला म्हणजे सगळं नव्यानं सुरू झालं असं समजू नये. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरांची अवस्था जपून ठेवते आणि तीच परत आणते. त्यासाठी 'रीस्टार्ट'च द्यावं लागतं.

खरा पेच जुन्या लॅपटॉपचा आहे. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेडबुक, लेनोव्होचे थिंकपॅड आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना परवडतात, आणि बांधणी पाहता ते उत्तम असतात. त्यातलं कार्ड मात्र कोणत्या पिढीचं आहे हे विचारलं पाहिजे. एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या केप्लर पिढीच्या जीफोर्स कार्डांना नेहमीचे ड्रायव्हर देणं २०१९ मध्ये थांबवलं. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांच्या जीफोर्ससाठी, म्हणजे ९४०एमएक्स, जीटीएक्स १०५० अशा आपल्याकडे भरपूर असलेल्या कार्डांसाठी, ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच वेळ आली; त्यांना आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट्स मिळणार आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची सगळ्यांत नवी आवृत्ती बसवायचा हट्ट धरला तर भांडण होणारच. स्केचअपनं २०२४ च्या आवृत्तीत चित्र काढणारं इंजिनच नवं आणलं, पण सेटिंगमध्ये जुनं इंजिन निवडायची सोय ठेवली. जुनं कार्ड असलेल्यांनी ती वापरावी.

क्रॅक केलेल्या आवृत्त्यांबद्दलही बोललं पाहिजे. त्यांत प्रोग्रामच्या मूळ फाइली बदललेल्या असतात आणि दुरुस्त्यांची अपडेट्स बंद केलेली असतात, त्यामुळे प्रोग्राम पडला तर दोष कशात आहे हे नोंदी पाहूनही नीट सांगता येत नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट मोफत देतं. महाविद्यालयाचा पुरावा दाखवून दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ब्लेंडर आणि फ्रीकॅड तर सगळ्यांनाच मोफत आहेत. मुलांनी क्रॅकच्या मागे जाण्याचं कारण उरलेलं नाही.

कार्डाच्या नावावर जाणारे दोष

सर्व्हेच्या नकाशांचा दोष मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या भूगोलाशी बांधलेला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, बांधकाम परवानगी ऑनलाइन होत गेली, आणि ठरलेल्या लेयरमध्ये काढलेला नकाशा संगणकानं तपासण्याची पद्धत रुळली. लहान ऑफिसांतही ऑटोकॅड अनिवार्य झालं. जागेची मोजणी टोटल स्टेशन किंवा डीजीपीएसनं होते आणि नकाशा पुष्कळदा यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजलेल्या, निर्देशांकांत येतो. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतात. त्या पट्ट्यात नांदेडच्या एखाद्या प्लॉटचा उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला असतो, २१ लाख मीटरच्या वर. लातूरचा २० लाख ३० हजारांच्या आसपास.

ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना आकडे सहसा साधारण सात अंकांच्या अचूकतेनं धरतं. २०,९७,१५२ हा आकडा ओलांडला की अशा मांडणीत शेजारच्या दोन आकड्यांत पाव मीटरचं अंतर पडतं. त्याच्या अलीकडे साडेबारा सेंटीमीटरचं. ही सीमा नेमकी लातूर आणि नांदेडच्या मधून जाते. नऊ इंची भिंत साधारण २३ सेंटीमीटरची. म्हणजे नांदेडच्या घराची भिंत त्या आकड्यांत धड मावतच नाही. हा नकाशा तसाच स्केचअपमध्ये किंवा ब्लेंडरमध्ये आणला की रेषा थरथरतात, पृष्ठभाग लुकलुकतात, जवळ गेलं की भिंत नाहीशी होते, झूम करताना प्रोग्राम अडकतो. पाहणारा म्हणतो, कार्ड गेलं. उपाय साधा आहे. मूळ नकाशा कागदपत्रांसाठी जसाच्या तसा ठेवायचा; त्याची प्रत करून तिचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणायचा, किती सरकवलं ते आकडे लिहून ठेवायचे, आणि त्रिमितीचं काम त्या प्रतीवर करायचं. नव्या लॅपटॉपनं हा दोष जाणार नाही, कारण नवं कार्डही आकडे तसेच धरतं.

फ्लेक्सवाल्यांचं गणित वेगळं. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेलचा होतो. सीएमवायकेमध्ये एकाच पूर्ण लेयरला सुमारे ६०० एमबी लागतात. कुणी तोच फ्लेक्स ३०० डीपीआयवर उघडला तर एक लेयर दहा जीबीच्या वर जातो. जयंतीच्या आदल्या रात्री आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर फोटोशॉप पडतं ते या ओझ्यानं, आणि सी ड्राइव्ह भरलेला असेल तर तात्पुरत्या फाइलींना जागा न उरल्यानं. कार्डाचा तिथे संबंध फार थोडा. कोरलड्रॉ पडण्यामागे तर पुष्कळदा फॉन्ट असतात. वर्षानुवर्षं इकडून तिकडून गोळा केलेल्या शेकडो मराठी फॉन्टांत एखादा बिघडलेला निघतो. एफ८ दाबून ठेवून कोरल सुरू केलं की त्याची मांडणी मूळपदावर येते. तेवढ्यानं भागलं नाही तर फॉन्ट निम्मे निम्मे काढून पाहावेत.

थ्रीडी करणाऱ्यांची चूक असते टेक्स्चरची. डिस्कवर तीन एमबी दिसणारी ४०९६ गुणिले ४०९६ ची जेपीजी कार्डाच्या मेमरीत उलगडली की ६४ एमबी घेते. लातूरच्या गंजगोलाईचं मॉडेल करायला घेतलेल्या विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. गोल इमारत, तिच्याभोवती सोळा रस्ते, प्रत्येकाला डांबराचं वेगळं चित्र, फुटपाथ, दुकानांच्या पाट्या, आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेली झाडं, ज्यांचं एकेक पान वेगळं. दोन जीबीचं कार्ड तिथेच भरतं. चित्रं १०२४ वर आणली तर तीच जागा सोळाव्या हिश्शाची होते, आणि स्क्रीनवर फरक जाणवत नाही.

संदेशावर आंधळा विश्वास ठेवू नये, याचं एक मोठं उदाहरण २०२४ मध्ये जगानं पाहिलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर प्रोग्राम पडत आणि संदेश येई की व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी कार्डं बदलली. दोष होता प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा. इंटेलनं ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरांना हा दोष नसल्याचं इंटेलनं सांगितलं. ज्या डिझाइन स्टुडिओत असे डेस्कटॉप आहेत, त्यांनी बायॉस अद्ययावत आहे का ते आजच पाहावं.

ऊन आणि वीज

लॅपटॉप कंपन्या साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी यंत्र चालेल असं म्हणतात. मे महिन्यात लातूरच्या पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी ही मर्यादा मागे पडलेली असते. चिप तापली की आधी स्वतःचा वेग कमी करते, लॅपटॉपमधली कार्डं साधारण ८५-८७ अंशांवर ते करतात. नुसत्या उन्हानं प्रोग्राम पडत नाही. ऊन, धुळीनं बुजलेल्या जाळ्या आणि चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट या तिन्ही गोष्टी जमल्या की पडतो. चाचणी सोपी आहे. दुपारी जी फाइल पडते तीच पहाटे सहाला उघडून तेवढाच वेळ फिरवायची. पहाटे टिकली तर साफसफाई आणि पेस्ट बदलणं एवढ्यावर काम होण्याची शक्यता मोठी. टास्क मॅनेजरमध्ये स्वतंत्र कार्डाचं तापमान दिसतं, ते दोन्ही वेळा लिहून ठेवावं. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत दर उन्हाळ्याआधी जाळ्या साफ करून घ्याव्यात असं माझं मत आहे. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायला सांगावं, नाहीतर तो वेगानं फिरून बिघडतो. काम आजच द्यायचं असेल तर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करावी. त्यानं टर्बो बंद होतो आणि उष्णता लगेच उतरते. कूलरची हवा खोलीत खेळू द्यावी, लॅपटॉपवर थेट घेऊ नये.

विजेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. व्होल्टेज कमी होतं म्हणून कार्ड गेलं, असं सर्रास म्हणतात. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. दाब उतरला तरी तो सांभाळून घेतो. घात होतो तो वीज परत येतानाच्या उसळीनं आणि नसलेल्या अर्थिंगनं. त्याहून जास्त त्रास देतो बदललेला अडॅप्टर. दीडशे वॅटचा मूळ अडॅप्टर हरवला आणि नव्वद वॅटचा डुप्लिकेट घेतला, की कार्डाला भर ओझ्याच्या वेळी वीज पुरत नाही. आणि बॅटरी मेलेली असेल तर लाइट जाताच लॅपटॉपच बंद होतो. अडॅप्टरवरचे वॅट वाचणं ही तपासणीतली पहिली पायरी असायला हरकत नाही.

कार्ड खरंच गेलं असेल तर

एवढं सगळं करूनही फुल्या थांबत नाहीत, कोरा ड्रायव्हर टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' परत येतो, कार्ड यादीतून मधूनच नाहीसं होतं, तेव्हा ते गेलं असं म्हणावं. सुरू होतानाच्या कंपनीच्या लोगोवर रेघा दिसल्या तर मात्र जपून. ऑप्टिमसच्या लॅपटॉपमध्ये तो लोगो लहान चिप काढते, म्हणून आधी बाहेरचा मॉनिटर लावून पाहावा. तिथे रेघा नसतील तर बहुतेक स्क्रीन किंवा त्याची पट्टी खराब आहे.

मग येतो रिबॉलिंगचा प्रश्न. चिपखालचे टाक्याचे मणी काढून नवे बसवायचे किंवा नुसती गरम हवा देऊन जुनेच वितळवायचे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपच्या काही चिपच्या बांधणीतल्या कमकुवत साहित्यापायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, त्यावर अमेरिकेत खटले चालले. ॲपलनं २०११ च्या काही मॅकबुक प्रोसाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली. २००८ च्या त्या चिपमध्ये भेग बाहेरच्या मण्यांत नव्हती. सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पट्टी यांच्यामधल्या सूक्ष्म जोडांत होती. बाहेरून तापवलं की आतले जोड काही दिवस टेकतात, लॅपटॉप सुरू होतो, दुकानदाराचे पैसे चुकते होतात, आणि काही आठवड्यांनी दोष परत येतो. म्हणून तापवण्यासाठी पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चिपच नवी घालून लेखी हमी मिळत असेल तर विचार करावा. नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र कार्ड 'डिसेबल' करावं. लॅपटॉप लहान चिपवर चालत राहतो, आणि ऑटोकॅडचं द्विमितीचं काम, परवानगीचे नकाशे, पत्रिका, हे सगळं त्यावर व्यवस्थित होतं.

नवा घेणाऱ्यांना इतकंच सांगेन: आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, निदान सहा जीबी मेमरीचं कार्ड, आणि पैसे देण्याआधी ऑटोडेस्क किंवा सॉलिडवर्क्सच्या साइटवरची प्रमाणित कार्डांची यादी पाहणं.

महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी ही यादी आणि मोफत परवान्यांची माहिती छापून पालकांच्या हातात द्यावी. दुकानदारांनी बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: फॉल्ट मॉड्यूलचं नाव, ओझ्याखालचं तापमान, आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून घेतलेल्या चाचणीचा निकाल. त्या लिहून मिळेपर्यंत ग्राहकांनी लॅपटॉपचा बोर्ड उघडू देऊ नये.